गाणं पुढे सरकवलं की परत पहिल्यापासून: पीएचपीतून ऑडिओ देताना पुन्हा पुन्हा होणारा घोळ

"अहो, ठिपका पुढे ओढला की गाणं परत पहिल्यापासून सुरू होतंय."

ही तक्रार पहिल्यांदा आली तेव्हा आमच्या साइटवर गाणी ऐकणाऱ्या मावशींना मी सांगितलं, नेट हळू असेल, जरा थांबून बघा. उत्तर साफ चुकीचं होतं. त्यानंतर याच साइटवर ऑडिओचे आणखी तीन घोळ झाले. दर वेळी तक्रारीचे शब्द निराळे, आणि मूळ दर वेळी जवळपास एकाच जागी: ब्राउझर आणि फाइल यांच्या मध्ये मी बसवलेली स्क्रिप्ट, म्हणजे सर्व्हरवर चालणारा पीएचपी भाषेतला छोटा प्रोग्राम. पाचव्यांदा पुन्हा शून्यापासून शोधाशोध नको, म्हणून सगळं लिहून काढतो आहे.

आधी मांडणी सांगतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, चिटणीस की गोठ नावाच्या वस्तीत मामांचा गाण्याचा क्लास चालतो. भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१८ साली इथे माधव संगीत विद्यालय निघालं, तेव्हापासून या गावाला स्वरलिपीची सवय आहे. पण टप्पा हा गायनप्रकार कागदावरून येत नाही, तो ऐकावाच लागतो. मामांकडे त्यांच्या गुरुजींच्या शिकवणीच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटी होत्या, एका बाजूला ४५ मिनिटं. त्या मी एमपी३ करून साइटवर ठेवल्या. मामांची अट एकच: शिष्यांपुरतं, जगजाहीर नको. म्हणून लॉगिन आलं, आणि लॉगिन आलं म्हणून थेट लिंकऐवजी मध्ये पीएचपीची स्क्रिप्ट आली. माणूस आपला आहे ना ते ती बघते आणि फाइल वाचून ब्राउझरकडे पाठवते. पानावर साधा ऑडिओ टॅग, त्याच्या एसआरसीत (गाणं कुठून आणायचं ते लिहितात तिथे) स्क्रिप्टचा पत्ता आणि रेकॉर्डिंगचा क्रमांक.

आता तिलवाडा तालातला संथ बडा ख्याल ऐकून ऐकून ज्यांचा पाठ झाला आहे, त्यांना थेट एकतिसाव्या मिनिटाला सुरू होणाऱ्या द्रुत बंदिशीवर जायचं असतं. तिथेच गाडी अडली.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

कोड उघडण्याआधी एक काम करा. तीच एमपी३ फाइल थोड्या वेळापुरती साइटच्या उघड्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ऑडिओ टॅगला तिचा थेट पत्ता द्या. आता ठिपका नीट सरकत असेल तर फाइल निर्दोष आहे, दोष स्क्रिप्टचा. थेट पत्त्यावरही तसंच होत असेल तर फाइल बिघडलेली आहे किंवा सर्व्हरची मांडणी. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे. पहिल्या वेळी मी ती केली नाही आणि दोन संध्याकाळी फाइल पुन्हा पुन्हा एन्कोड करण्यात घालवल्या.

दुसरं, क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये डेव्हलपर टूल्स उघडून नेटवर्क टॅबवर जा, गाणं सुरू करा, ठिपका ओढा आणि स्टेटसचा रकाना बघा. तिथे २०६ (मागितलेला तुकडा दिला) दिसायला हवं. २०० (अख्खी फाइल दिली) दिसत असेल तर तुमचा आजार हाच, पुढे वाचा.

हे सगळं इनकॉग्निटो खिडकीत करा. ब्राउझर ऑडिओ साठवून ठेवतो, आणि स्क्रिप्ट दुरुस्त केल्यावरही जुनंच उत्तर वापरत बसतो. दुरुस्ती बरोबर होती आणि मी ती चुकीची समजून पुसून टाकली, असं एकदा झालेलं आहे.

ब्राउझर नेमकं काय मागतो

आपल्याला वाटतं ब्राउझर फाइल मागतो. ऑडिओच्या बाबतीत तो तुकडा मागतो. विनंतीत रेंज नावाचा हेडर, म्हणजे सोबतची सूचनेची ओळ, असतो आणि त्यात लिहिलेलं असतं, अमुक बाइटपासून अमुक बाइटपर्यंत द्या. सर्व्हरवरची फाइल थेट दिली की अपाची, एन्जिन-एक्स वगैरे सर्व्हर चालवणारी मंडळी हे मागणं समजून घेतात आणि मोजून तेवढंच देतात, तुम्हाला काही करावं लागत नाही. मध्ये स्क्रिप्ट घातली की ही सेवा बंद पडते. आता मापून द्यायची जबाबदारी स्क्रिप्टची. आणि माझी स्क्रिप्ट काय करत होती, तर लॉगिन तपासून सरळ रीडफाइल ही पीएचपीची आज्ञा. काहीही मागा, अख्खी फाइल पहिल्या बाइटापासून मिळेल. किराणावाल्याकडे पाव किलो साखर मागावी आणि त्याने दर वेळी नवं पोतं फोडून वरून ओतायला लागावं, तसं.

आकड्यांत बघू. १२८ केबीपीएसची एमपी३ म्हणजे सेकंदाला १६,००० बाइट. ४५ मिनिटांची बाजू म्हणजे २,७०० सेकंद, म्हणजे ४,३२,००,००० बाइट, सुमारे ४३ एमबी. एकतिसावं मिनिट संपताना आपण १,८६० सेकंदांवर असतो, म्हणजे बाइट २,९७,६०,०००. ठिपका तिथे ओढला की ब्राउझर साधारण असं मागतो:

रेंज: बाइट्स=२९७६००००-

शेवटी नुसती आडवी रेघ म्हणजे 'इथून संपेपर्यंत'. याला योग्य उत्तर असं:

स्टेटस २०६ पार्शल कंटेंट
कंटेंट-टाइप: ऑडिओ/एमपेग
ॲक्सेप्ट-रेंजेस: बाइट्स
कंटेंट-रेंज: बाइट्स २९७६००००-४३१९९९९९/४३२०००००
कंटेंट-लेंग्थ: १३४४००००

आणि मग मोजून तेवढेच बाइट. (हेडर कोडमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहायचे.)

या पाच ओळींत माझ्याकडून झालेल्या चुका सांगतो, कारण लोक अडकतात ते इथेच.

मोजणी शून्यापासून असते, म्हणून शेवटचा बाइट ४३१९९९९९, ४३२००००० नव्हे. आणि दोन्ही टोकं धरायची असतात, म्हणून लांबी म्हणजे शेवट वजा सुरुवात अधिक एक. हा 'अधिक एक' विसरलात तर तुम्ही एक बाइट कमी असल्याचं सांगून एक जास्त पाठवता, किंवा उलट. क्रोम मग कन्सोलमध्ये कंटेंट लेंग्थ मिसमॅच म्हणून ओरडतो, किंवा शेवटच्या बाइटाची वाट बघत विनंती लोंबकळत ठेवतो.

कंटेंट-लेंग्थमध्ये तुकड्याची लांबी जाते, अख्ख्या फाइलची नाही. अख्ख्या फाइलची लांबी कंटेंट-रेंजमध्ये तिरप्या रेघेनंतर. मी दोन्हीकडे फाइलची लांबी टाकली होती. ब्राउझरने १३४ लाख बाइट घेतले आणि उरलेल्यांसाठी ताटकळत बसला.

ॲक्सेप्ट-रेंजेस नुसता लिहून भागत नाही. माझा पहिला 'इलाज' तोच होता: कुठेतरी वाचलं, हेडर जोडला, आणि रेंज मात्र वाचलीच नाही. म्हणजे दुकानावर पाटी लावली 'सुटं मिळेल' आणि आत पोतंच. याने परिस्थिती आधीपेक्षा बिघडते, कारण आता ब्राउझर त्या पाटीवर विसंबतो.

सुरुवात दिलेलीच नसेल, नुसतं 'बाइट्स=-५००' आलं, तर त्याचा अर्थ शेवटचे ५०० बाइट; पहिले ५०० नव्हेत. मागितलेला शेवट फाइलच्या पलीकडे असेल तर गुपचूप फाइलच्या शेवटावर आणा. सुरुवातच पलीकडे असेल तर ४१६ (असा तुकडाच नाही) द्या आणि कंटेंट-रेंजमध्ये 'बाइट्स *', तिरपी रेघ, एकूण लांबी. एका विनंतीत स्वल्पविराम देऊन अनेक तुकडे मागण्याची सोयही एचटीटीपीत आहे, पण सर्व्हरने रेंजकडे दुर्लक्ष करून २०० दिलं तरी ते नियमात बसतं. तशी विनंती आली तर मी अख्खी फाइल देतो आणि पुढे जातो. हे सगळे नियम २०२२ च्या आरएफसी ९११० या इंटरनेटच्या नियमपत्रात आहेत. आधी ते ७२३३ मध्ये होते, त्यामुळे जुन्या कोडमधल्या टिपणांत तो आकडा दिसेल.

पीएचपीत प्रत्यक्ष काम थोडंच आहे. फाइल बायनरी पद्धतीने उघडा, एफसीकने सुरुवातीच्या बाइटावर जा, मग ८,१९२ बाइटांचे घास घेत एफरीड करा, प्रत्येक घासानंतर उरलेली संख्या वजा करत जा, शेवटचा घास उरलेल्याएवढाच घ्या. फाइल संपेपर्यंत वाचणारी लूप लिहू नका. मागितलेले बाइट संपेपर्यंत वाचणारी लिहा.

आयफोनवर वाजतच नाही

पहिली दुरुस्ती होण्याआधी मावशींच्या सुनेच्या आयफोनवर तर गाणं सुरूच होत नव्हतं. सगळ्यांना वाटलं ॲपलला एमपी३ चालत नाही. एमपी३ आयफोनवर उत्तम चालतं.

सफारी आधी शितावरून भाताची परीक्षा करतो. पहिली विनंती 'बाइट्स=०-१', म्हणजे फक्त दोन बाइट. त्याला २०६, कंटेंट-रेंज 'बाइट्स ०-१/४३२०००००' आणि लांबी २ असं उत्तर मिळालं तरच तो पुढचं मागतो. दोन शितं मागितल्यावर अंगावर अख्खं पातेलं आलं की तो गाणं वाजवायचं नाकारतो, आणि कारणही धड सांगत नाही. क्रोम आणि फायरफॉक्स जरा सोशिक आहेत. ते 'बाइट्स=०-' मागतात आणि २०० मिळालं तरी वाजवायला लागतात, फक्त पुढे उडी मारता येत नाही. म्हणून 'आमच्या कॉम्प्युटरवर चालतंय, आयफोनवर नाही' हे ऐकलं की मी कोडेकचा (ऑडिओच्या प्रकाराचा) विचारही करत नाही, थेट दोन बाइटांची परीक्षा घेतो.

गुरुपौर्णिमेचा दिवस

हा तिसरा घोळ, पण मला सगळ्यात जास्त शिकवून गेला म्हणून आधी सांगतो.

रेंज आली, आयफोन वाजला, सगळं छान चाललं होतं. मग एका गुरुपौर्णिमेला मामांनी सगळ्यांना सांगितलं, आज गुरुजींचं गाणं ऐका. संध्याकाळी सातला पंधरा-वीस शिष्य एकदम आत आले आणि साइट गोठली. गोठमध्ये गोठली, असा विनोद मामांनी केला तो मला तेव्हा झेपला नाही. ज्यांचं गाणं सुरू होतं त्यांचं चालू होतं. बाकीच्यांना पान उघडेना. आणि ज्यांचं गाणं चालू होतं त्यांनाही दुसऱ्या पानावर जाता येईना. पहिलं गाणं बंद केलं की मात्र पान लगेच उघडायचं.

यात दोन वेगळी दुखणी एकत्र होती.

पहिलं सेशनचं कुलूप. पीएचपी सेशन (कोण लॉगिन आहे याची नोंद) साध्या पद्धतीने फाइलमध्ये ठेवते, आणि सेशन सुरू करताच त्या फाइलला कुलूप लावते. स्क्रिप्ट संपेपर्यंत ते निघत नाही. एरवी स्क्रिप्ट क्षणात संपते, कुणाला कळतही नाही. पण ऑडिओ देणारी स्क्रिप्ट लवकर संपत नाही, कारण ब्राउझर हावरट नसतो. पुरेसं गाणं साठवलं की तो हात आखडतो, पुढचे बाइट उचलत नाही, आणि स्क्रिप्ट अर्धा घास हातात धरून उभी राहते. तोवर त्याच माणसाचं दुसरं कुठलंही पान त्याच कुलपापाशी रांगेत.

इलाज एका ओळीचा आहे. लॉगिन तपासून झालं, माणूस कोण ते कळलं, की फाइल पाठवायला लागण्याआधी सेशन_राइट_क्लोज बोलवा. कुलूप सुटतं. त्यानंतर सेशनमध्ये काही लिहिता येत नाही. 'अमक्याने हे गाणं ऐकलं' अशी नोंद ठेवायची असेल तर ती त्याआधी करा. आणि ती नोंद प्रत्येक विनंतीला करू नका. एका गाण्याच्या मागे तुकड्यांच्या विनंत्या कितीही होतात. माझ्या नोंदवहीप्रमाणे मावशींनी एका दुपारी यमन चाळीस वेळा ऐकला होता.

दुसरं दुखणं प्रक्रियांचं. शेअर्ड होस्टिंगवर एका खात्याला एका वेळी ठरावीक पीएचपी प्रक्रियाच चालवता येतात. प्रत्येक श्रोता एक प्रक्रिया अडवून बसतो. मर्यादा संपली की पुढचा माणूस दाराबाहेर, मग तो गाणं मागो नाहीतर नुसतं मुखपृष्ठ. याला स्क्रिप्टच्या आत इलाज नाही. स्क्रिप्टने वाढपी व्हायचं सोडून फक्त दारावर बसायचं, हा खरा इलाज. त्याच्याकडे येतोच.

टक्

दुसरा घोळ कानांनी पकडायचा होता आणि तिथेच आम्ही फसलो. आयफोनवर ऐकताना मधूनच 'टक्' असा बारीक आवाज. कॅसेटी जुन्या, त्यामुळे तीन महिने आम्ही त्याला टेपचा दोष समजत होतो. मामा तर म्हणाले, तबल्याची चाटी उतरली असेल. मग एका शिष्याने तीच बाजू लॅपटॉपवर ऐकली आणि टक् नव्हता. त्याच सुमारास मी एक डब्ल्यूएव्ही फाइल चढवली आणि ती कुठेच वाजेना.

कारण तीन बाइट. सेटिंग्जच्या पीएचपी फाइलमध्ये क्लासचं नाव देवनागरीत लिहायचं होतं, ते मी जुन्या विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून यूटीएफ-८ म्हणून साठवलं. तो नोटपॅड फाइलच्या तोंडाशी बीओएम नावाचे तीन अदृश्य बाइट चिकटवायचा. (विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून त्याने ही खोड सोडली.) ती फाइल स्क्रिप्ट आत घेते, म्हणून हे तीन बाइट प्रत्येक उत्तराच्या आधी बाहेर पडत होते. एरवी पीएचपीने 'हेडर्स ऑलरेडी सेंट' असा इशारा दिला असता, पण होस्टिंगवर आउटपुट बफरिंग (बाहेर जाणारं आधी साचवून ठेवणं) चालू होतं, त्यामुळे इशारा गिळला गेला.

परिणाम बघा. प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी तीन परके बाइट, आणि लांबी ठरलेली असल्यामुळे शेवटचे तीन खरे बाइट कापलेले. डब्ल्यूएव्हीच्या पहिल्या चार बाइटांत 'आरआयएफएफ' असावंच लागतं. तिथे दुसरं काही दिसलं की खेळ खलास. एमपी३ मात्र चिवट असतं. ते लहान लहान फ्रेमचं बनलेलं असतं, १२८ केबीपीएसला एक फ्रेम ४१७-४१८ बाइटांची, सुमारे २६ मिलिसेकंदांची. एखादी फ्रेम बिघडली की डीकोडर पुढची शोधून चालू लागतो. तुकड्याला तुकडा जिथे जोडला जातो तिथे एक फ्रेम जखमी, तोच टक्. आयफोन लहान तुकडे बरेच मागतो, म्हणून तिथे ऐकू यायचा.

असाच प्रकार पीएचपीचा कोड संपल्याच्या बंद खुणेनंतर राहिलेल्या रिकाम्या ओळींनीही होतो. म्हणून निव्वळ पीएचपीच्या फाइलीत शेवटची बंद खूण लिहूच नये. आणि पाठवायला लागण्याआधी साचलेले सगळे बफर ओबी_एंड_क्लीनने रिकामे करावेत, एकावर एक जितके असतील तितके. याचा दुसरा फायदा असा की बफर चालू असताना रीडफाइलने सोडलेली ४३ एमबी मेमरीत साचत नाही. रीडफाइल स्वतः फाइल मेमरीत भरत नाही, बफर भरतो. फाइल मोठी असली की 'मेमरी एक्झॉस्टेड' येतं, आणि लोक मेमरीची मर्यादा वाढवत बसतात.

दोष खरोखर इथे आहे का हे बघायला स्क्रिप्टमधून आलेली फाइल डाउनलोड करा आणि मूळ फाइलशी बाइट-बाइट ताडून बघा, किंवा दोघींचा एमडी५ (फाइलच्या बोटाचा ठसा म्हणा) काढा. कानावर विसंबू नका. आमच्याकडे ग्वाल्हेर घराण्याचे कान होते, तरी तीन महिने गेले.

किरकोळ, पण येतातच

कंटेंट-टाइप लिहिला नाही तर पीएचपी 'टेक्स्ट/एचटीएमएल' लावते. एमपी३ला ऑडिओ/एमपेग, एम४एला ऑडिओ/एमपी४, ओजीजीला ऑडिओ/ओजीजी. टाइप टेक्स्ट गेला तर सर्व्हर त्याला पान समजून जीझिप करायला, म्हणजे दाबून लहान करायला, धावतो आणि मग लांबी, रेंज सगळंच कोलमडतं. ऑडिओच्या मार्गावर कॉम्प्रेशन बंदच ठेवा, एमपी३ आधीच दाबलेलं असतं.

वाजण्याऐवजी डाउनलोड होत असेल तर कंटेंट-डिस्पोझिशनमध्ये 'अटॅचमेंट' आहे का बघा. 'इनलाइन' करा किंवा ओळच काढा.

'फॉरमॅट चालत नाही' असा एरर, ऑडिओ टॅगच्या भाषेत कोड ४, आणि तोही सकाळी लॅपटॉप उघडल्यावर: सेशन संपलेलं असतं. स्क्रिप्ट ब्राउझरला लॉगिनच्या पानाकडे वळवते, आणि ऑडिओ टॅग लॉगिनचं पान गाणं म्हणून वाजवू बघतो. ऑडिओच्या स्क्रिप्टने कधीही वळवू नये, ४०३ (परवानगी नाही) द्यावं आणि पानावर 'पुन्हा लॉगिन करा' दाखवावं.

गाणं दर वेळी मध्येच तुटत असेल तर एक गोष्ट नोंदवा: ते ठरावीक वेळाने तुटतं की ठरावीक जागी? ठिपका पुढे नेऊन सुरू केल्यावरही तितक्याच मिनिटांनी तुटलं तर कुठला तरी टाइमआउट आहे. तेव्हा पीएचपीच्या ३० सेकंदांच्या मर्यादेवर लगेच बोट ठेवू नका. लिनक्सवर त्यात फाइल वाचण्या-पाठवण्यात गेलेला वेळ धरला जात नाही. पीएचपी-एफपीएमचे (तो पीएचपीच्या प्रक्रिया सांभाळतो) किंवा सर्व्हरचे टाइमआउट बघा. नेहमी त्याच तानेवर तुटलं तर फाइलच अर्धवट चढलेली आहे.

शिष्य फोनवर रियाज रेकॉर्ड करून एम४ए पाठवतात. त्यात फाइलची अनुक्रमणिका, 'मूव' नावाचा भाग, बऱ्याचदा शेवटी असतो. रेंज नीट असेल तर ब्राउझर शेवटाला जाऊन ती वाचून येतो. तरी एफएफएमपेग या साधनाच्या फास्टस्टार्ट पर्यायाने ती पुढे आणून ठेवली की गाणं लगेच सुरू होतं. एमपी३ व्हीबीआर (बदलत्या बिटरेटची) असेल आणि त्यात झिंग (Xing) हेडर नसेल तर एकूण वेळच चुकीची दिसते आणि उडी भलतीकडे पडते. शिकवणीच्या रेकॉर्डिंगला मी सरळ ठरावीक बिटरेट वापरतो.

फाइलची नावं डिस्कवर आकड्यांत ठेवा आणि 'यमन, विलंबित तिलवाडा' हे डेटाबेसमध्ये. पत्त्यात फाइलचं नाव घेऊन ते तसंच उघडणारी स्क्रिप्ट म्हणजे घराची किल्ली कुलपालाच लटकवणं: दोन टिंबं आणि तिरप्या रेघा देऊन कुणीही तुमची पासवर्डची फाइल 'ऐकू' शकतो. क्रमांक घ्या, तो पूर्णांक आहे का बघा, मार्ग डेटाबेसमधून काढा.

स्क्रिप्टला दारावर बसवा

वर लिहिलेलं रेंजचं सगळं गणित मी आता वापरत नाही. ते समजून घेतल्याचा पश्चात्ताप नाही, पण अपाची आणि एन्जिन-एक्स हे काम माझ्यापेक्षा चांगलं करतात. स्क्रिप्टने लॉगिन तपासावं, टाइप सांगावा आणि एका हेडरमध्ये सर्व्हरला फाइलचा मार्ग सांगून मोकळं व्हावं. एन्जिन-एक्सवर त्या हेडरचं नाव एक्स-ॲक्सेल-रीडायरेक्ट, तो मुळातच असतो. फाइलींच्या लोकेशनला 'इंटर्नल' लिहायचं, म्हणजे बाहेरून थेट कुणी आत शिरू शकत नाही. अपाचीवर एक्स-सेंडफाइल, पण त्याचं मॉड्यूल वेगळं बसवावं लागतं. लाइटस्पीडवर एक्स-लाइटस्पीड-लोकेशन. या पद्धतीत कंटेंट-लेंग्थ आणि कंटेंट-रेंज स्वतः लिहू नका, सर्व्हर लिहितो. पीएचपी प्रक्रिया क्षणात सुटते, सेशनचं कुलूपही आपोआप निघतं. पुढच्या गुरुपौर्णिमेला साइट हलली नाही.

होस्टिंगवर यातलं काहीच मिळत नसेल तर हाताने लिहिलेली रेंज आहेच. किंवा मुदतीच्या लिंका: स्क्रिप्ट सही केलेला, ठरावीक वेळ चालणारा पत्ता देते आणि फाइल थेट तिथून मिळते. चौथा घोळ मी यातच केला. मध्यंतरी दुसऱ्या होस्टिंगवर गेलो, तिथे हीच सोय होती, आणि सुरक्षित म्हणून लिंकची मुदत पाच मिनिटं ठेवली. गाणं सुरू व्हायचं. मावशी विलंबित ऐकत बसायच्या. मग ठिपका द्रुतावर ओढला की ४०३, कारण नवा तुकडा म्हणजे नवी विनंती, आणि लिंक केव्हाच मेलेली. मुदत रेकॉर्डिंगच्या लांबीपेक्षा बरीच जास्त हवी, वर चहाला उठून परत येण्याइतका वेळ. मी सहा तास ठेवली आहे.

आता ॲडमिनसाठी एक छोटं पान करून ठेवलं आहे. ते एकाच रेकॉर्डिंगसाठी तीन विनंत्या करतं: पहिले दोन बाइट, मधले हजार बाइट, आणि फाइलच्या पलीकडचा बाइट. पहिल्या दोनांची लांबी मोजतं, मधले हजार मूळ फाइलशी ताडून बघतं. परवा 'सर्व्हर अपग्रेड होणार' असा होस्टिंगचा मेल आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींचा फोन यायच्या आत ते पान उघडून बघितलं: २०६, २०६, ४१६.